शिक्षक आणि शास्त्रज्ञ ओहम

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या खोऱ्यात, निरगुडसर हे गाव वसलेले आहे. या गावाच्या, किंबहुना महाराष्ट्रातील कोणत्याही गावाच्या शिवारातून फिरताना विजेचे खांब आणि त्यांवरून गेलेल्या तारा दृष्टीस पडतात. रोहित्राजवळच्या घरातील दिवा लख्ख उजळतो. परंतु दूरच्या विहिरीपर्यंत लांबच लांब बारीक तार ओढून नेली, तर तसाच दिवा तेथे मंद जळतो आणि पंपाची मोटार नेटाने फिरत नाही. वीज तीच आणि दिवाही तोच. मग हा फरक कोठे पडला? तो पडला तारेत. तार विजेला वाट देते, परंतु त्याच वेळी तिला थोडा अडथळाही करते. तार जितकी लांब आणि जितकी बारीक, तितका हा अडथळा अधिक. ही गोष्ट आज शाळेतील मुलांनाही समजते. दोनशे वर्षांपूर्वी मात्र ती मोठमोठ्या पंडितांनाही नीटशी उमगलेली नव्हती. ती मोजून, पडताळून जगापुढे मांडण्याचे कार्य जर्मनीतील एका शाळाशिक्षकाने केले. त्याचे नाव जॉर्ज सायमन ओहम.

जॉर्जचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी एर्लांगेन या गावी झाला. हे गाव आज जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात आहे. त्याचे वडील योहान हे कुलुपे बनविणारे कारागीर होते, तर आई मारिया ही एका शिंप्याची मुलगी होती. या दांपत्यास सात अपत्ये झाली; परंतु त्यांपैकी जॉर्ज, मार्टिन आणि एलिझाबेथ ही तीनच जगली. जॉर्ज दहा वर्षांचा असतानाच त्याची आई निवर्तली.

योहान यांना शाळेचे शिक्षण फारसे मिळालेले नव्हते. परंतु त्यांची ज्ञानाची ओढ विलक्षण होती. दिवसभर भट्टीपुढे आणि ऐरणीपुढे राबून उरलेल्या वेळात त्यांनी गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि तत्त्वज्ञान या विषयांचा स्वतःच अभ्यास केला होता. आपल्या मुलांना ते स्वतः शिकवीत. त्यांच्या हाताखाली जॉर्ज आणि मार्टिन दोन विद्या एकाच वेळी शिकले. कानस कशी चालवावी, धातूची पट्टी कशी नेमकी कापावी, हे ते कारखान्यात शिकले आणि भूमितीतील सिद्धान्त कसा सिद्ध करावा, हे त्यांनी वडिलांच्या पुढ्यात बसून आत्मसात केले. जॉर्ज पंधरा वर्षांचा असताना एर्लांगेन विद्यापीठातील लांग्सडोर्फ या प्राध्यापकांनी त्याची परीक्षा घेतली. त्याचे गणितातील प्रावीण्य पाहून ते चकित झाले. हे दोघे भाऊ स्वित्झर्लंडमधील बेर्नुली या विख्यात गणिती घराण्याप्रमाणे कीर्ती मिळवतील, असा विश्वास त्यांना वाटू लागला. पुढे मार्टिनही नामांकित गणिती झाला.

इ. स. १८०५ मध्ये जॉर्जने एर्लांगेन विद्यापीठात प्रवेश घेतला. परंतु विद्यापीठातील मोकळ्या वातावरणात त्याचे मन अभ्यासापेक्षा नृत्य, बर्फावरील घसरखेळ आणि बिलियर्ड्स यांतच अधिक रमू लागले. पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकविणाऱ्या वडिलांना हे कसे सहन व्हावे? ते संतप्त झाले. आपल्याला जी संधी कधी लाभली नाही, ती मुलाने वाया दवडावी, याचे त्यांना अतोनात दुःख झाले. अवघ्या दीड वर्षात जॉर्जला विद्यापीठ सोडावे लागले आणि सतराव्या वर्षी तो स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झाला.

या घटनेने त्याच्या आयुष्याला वळण लागले. परक्या देशात, स्वतःच्या कमाईवर राहताना त्याला वेळेची किंमत कळली. लांग्सडोर्फ यांच्या सल्ल्यावरून त्याने ऑयलर आणि लाप्लास या थोर गणितज्ञांचे ग्रंथ एकट्याने अभ्यासले. १८११ मध्ये तो एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी त्याने विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी संपादन केली. तेथे त्याने काही काळ अध्यापनही केले. परंतु त्या तुटपुंज्या उत्पन्नात त्याचा चरितार्थ चालेना. म्हणून १८१३ मध्ये त्याने बाम्बेर्ग येथील एका सामान्य शाळेत नोकरी पत्करली. तेथे त्याचे मन रमत नव्हते. तरीही तो स्वस्थ बसला नाही. भूमिती कशी शिकवावी, या विषयावर त्याने एक पुस्तक लिहिले आणि १८१७ मध्ये ते प्रसिद्ध झाल्यावर त्याची एक प्रत प्रशियाच्या राजाकडे पाठविली. राजाला ते पसंत पडले. त्याच वर्षी राइन नदीकाठच्या कोलोन शहरातील नावाजलेल्या विद्यालयात गणित व पदार्थविज्ञान या विषयांचा शिक्षक म्हणून ओहमची नेमणूक झाली.

या विद्यालयात एक चांगली प्रयोगशाळा होती. ओहमला जणू कुबेराचे भांडारच सापडले. दिवसा वर्गात शिकवावे आणि उरलेला वेळ प्रयोगशाळेत घालवावा, असा त्याचा क्रम सुरू झाला. इटलीतील व्होल्टाने १८०० मध्ये विद्युत्‌घट तयार करून अखंड वाहणारा विद्युत्‌प्रवाह शास्त्रज्ञांच्या हाती दिला होता. १८२० मध्ये डेन्मार्कमधील अर्स्टेड याने तारेतून प्रवाह वाहू लागला की जवळची चुंबकसूची वळते, हे दाखवून दिले. या शोधाची वार्ता ऐकून ओहमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला. प्रवाहाने सूची वळते, हे तर खरे. पण तारेतून प्रवाह किती वाहतो आणि तो कशावर अवलंबून असतो?

हा प्रश्न समजून घेण्यासाठी पाण्याचे उदाहरण घेऊ. गावाच्या टेकडीवर पाण्याची टाकी आहे, असे समजा. टाकी जितकी उंच, तितका नळातील पाण्याचा दाब अधिक. एका सेकंदात नळातून जितके पाणी येते, तो झाला पाण्याचा प्रवाह. नळ लांब असेल, अरुंद असेल किंवा आतून गंजलेला असेल, तर दाब तितकाच असूनही पाणी कमी येते. कारण नळ पाण्यास अडथळा करतो. विजेच्या बाबतीतही असेच असते. विद्युत्‌घट किंवा वीजकेंद्र जो दाब निर्माण करते, त्यास विद्युत्‌दाब म्हणतात. तारेतून वाहते ती वीज म्हणजे विद्युत्‌प्रवाह आणि तार करते तो अडथळा म्हणजे रोध. फ्रान्समधील फूरिये या गणितज्ञाने तापलेल्या सळईतून उष्णता कशी वाहत जाते, याचे गणित १८२२ मध्ये प्रसिद्ध केले होते. वीजही तारेतून अशाच एखाद्या नियमाने वाहत असली पाहिजे, असे ओहमला वाटू लागले. परंतु वाटणे निराळे आणि सिद्ध करणे निराळे.

प्रयोगासाठी लागणारी उपकरणे बाजारात मिळत नव्हती. ती ओहमने स्वतःच्या हातांनी घडविली. कुलुपे घडविताना वडिलांनी शिकविलेली कारागिरी येथे कामास आली. चुंबकसूची एका बारीक धातूच्या पट्टीने टांगून तिच्याजवळून त्याने प्रवाह सोडला. प्रवाहामुळे सूची वळली, की वरचे टोक पिळून तो तिला पुन्हा मूळ जागी आणी. जितका पीळ अधिक द्यावा लागे, तितका प्रवाह अधिक. अशा रीतीने डोळ्यांना न दिसणारा प्रवाह मोजण्याचे साधन त्याला मिळाले.

१८२५ मध्ये त्याने आपले पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. परंतु त्यांतील सूत्र बरोबर नव्हते. दोष होता तो विद्युत्‌घटाचा. त्या काळच्या विद्युत्‌घटाचा जोर प्रयोग चालू असतानाच कमीजास्त होत असे. ज्याचा दाबच स्थिर नाही, त्याच्या प्रवाहाचे माप विश्वासार्ह कसे ठरावे? अशा वेळी एका शास्त्रीय नियतकालिकाचे संपादक पोगेनडोर्फ यांनी त्याला एक मोलाची सूचना केली. सेबेक या शास्त्रज्ञाने १८२१ मध्ये असे दाखविले होते, की दोन भिन्न धातूंचे तुकडे टोकांशी जोडून एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला, तर त्यांतून प्रवाह वाहतो. विद्युत्‌घट सोडून ही युक्ती वापरून पाहावी, असे पोगेनडोर्फ यांनी सुचविले.

ओहमने ती सूचना आनंदाने स्वीकारली. स्वतःचे प्रसिद्ध झालेले सूत्र बाजूला ठेवण्यास त्याला कमीपणा वाटला नाही. त्याने बिस्मथ आणि तांबे यांचे सांधे जोडले. एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे, तोपर्यंत दोन्हींच्या तापमानात बदल होत नाही. त्यामुळे विजेचा दाबही स्थिर राहतो. मग त्याने सारख्याच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत आखूड तार २ इंच लांबीची होती आणि सर्वांत लांब १३० इंच. जानेवारी १८२६ मध्ये त्याने एकेक तार मंडलात जोडली, सूचीचा पीळ वाचला आणि आकडे टिपून ठेवले. पुन्हा तार बदलली, पुन्हा पीळ वाचला. एकदा, दोनदा नव्हे, तर पुनःपुन्हा त्याने ही मापे घेतली.

आकड्यांकडे पाहता तार जसजशी लांब, तसतसा प्रवाह कमी, हे स्पष्ट दिसत होते. परंतु तारेची लांबी दुप्पट केली, तरी प्रवाह नेमका निम्मा होत नव्हता. असे का व्हावे? ओहमच्या ध्यानात आले, की रोध केवळ तपासावयाच्या तारेतच नाही. उपकरणाच्या उरलेल्या भागातही तो आहेच. तो रोध तारेच्या रोधात मिळविताच सारे आकडे चपखल जुळले. मंडलाचा एकूण रोध दुप्पट झाला, की प्रवाह निम्मा होतो. दाब दुप्पट केला, की प्रवाहही दुप्पट होतो. धातूच्या तारेचे तापमान बदलू दिले नाही, तर हा नियम सदैव खरा ठरतो. यालाच आज आपण ओहमचा नियम म्हणतो.

हे संशोधन पूर्णत्वास नेण्यासाठी ओहमने अर्ध्या पगारावर एक वर्षाची रजा घेतली आणि तो बर्लिन येथे भाऊ मार्टिनकडे गेला. १८२७ मध्ये विद्युत्‌मंडलाच्या गणितावरील त्याचा ग्रंथ तेथे प्रसिद्ध झाला. या ग्रंथामुळे आपल्याला एखाद्या विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळेल, अशी त्याला आशा होती. परंतु घडले ते विपरीतच. पदार्थविज्ञानात एवढे गणित आणण्याची पद्धत त्या काळी जर्मनीत रुळलेली नव्हती. कित्येकांना तो ग्रंथ समजला नाही. काहींनी त्याच्यावर कठोर टीका केली. विद्यापीठाचे दार उघडले नाही. निराश झालेल्या ओहमने १८२८ मध्ये कोलोन येथील नोकरीचा राजीनामा दिला.

त्या वेळी त्याचे वय एकोणचाळीस वर्षांचे होते. हाती कायमची नोकरी नव्हती. लग्न त्याने केले नव्हते, ते अखेरपर्यंत केलेच नाही. पुढील पाच वर्षे बर्लिनमधील शाळांत मिळतील ते गणिताचे तास घेऊन त्याने कशीबशी गुजराण केली. आपला नियम खरा आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. कारण तो त्याने मोजून पाहिला होता. परंतु ते जगाला पटवून देण्याचे दुसरे साधन त्याच्यापाशी नव्हते. थांबणे एवढेच त्याच्या हाती होते.

हळूहळू काळ पालटला. लाइपझिग येथील फेखनर या शास्त्रज्ञाने स्वतः प्रयोग करून ओहमच्या नियमाची सत्यता पडताळली आणि १८३१ मध्ये ते प्रयोग प्रसिद्ध केले. १८३३ मध्ये न्यूरेंबर्ग येथील तंत्रविद्यालयात ओहमला प्राध्यापकाची जागा मिळाली. पुढे इंग्लंडमध्ये त्याच्या ग्रंथाचे भाषांतर झाले आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने आपले मानाचे कॉप्ले पदक त्याला अर्पण केले. स्वदेशाने ज्याची उपेक्षा केली, त्याचा गौरव परदेशाने आधी केला. १८४९ मध्ये तो म्यूनिकला गेला आणि १८५२ मध्ये तेथील विद्यापीठात प्रायोगिक पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला. तरुणपणी पाहिलेले स्वप्न त्रेसष्टाव्या वर्षी साकार झाले. परंतु हे सुख त्याला दोनच वर्षे लाभले. ६ जुलै १८५४ रोजी म्यूनिक येथे त्याचे देहावसान झाले.

१८८१ मध्ये पॅरिस येथे जगातील विद्युत्‌शास्त्रज्ञांची परिषद भरली. तीत विजेच्या मापांची नावे ठरविण्यात आली. दाबाच्या मापास व्होल्टावरून व्होल्ट, प्रवाहाच्या मापास अँपिअर या फ्रेंच शास्त्रज्ञावरून अँपिअर आणि रोधाच्या मापास ओहम असे नाव देण्यात आले. या तिन्ही मापांना जोडणारा धागा म्हणजे ओहमचा नियम. दाबास प्रवाहाने भागले, की रोध मिळतो. आपल्या घरात येणाऱ्या विजेचा दाब सुमारे २३० व्होल्ट असतो. विजेच्या एखाद्या शेगडीतून ५ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ ओहम इतका तिच्या वेटोळ्याचा रोध झाला. वेटोळे न उघडता, केवळ दोन मापांवरून तिसरे कळले.

या दोन मापांवरून आणखीही एक गोष्ट काढता येते. दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार केला, की ते साधन किती शक्ती वापरते, हे समजते. या शक्तीचे माप वॅट होय. २३० गुणिले ५, म्हणजे आपली शेगडी ११५० वॅट शक्ती वापरते. १००० वॅट शक्ती एक तास वापरली, की विजेचे एक युनिट होते. म्हणून ही शेगडी तासाला १.१५ युनिट वीज घेईल. तारेतून प्रवाह वाहिला असता किती उष्णता निर्माण होते, याचा नियम इंग्लंडमधील ज्यूल या शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या कार्यास ओहमच्या नियमाची जोड मिळाली आणि विजेचा चोख हिशेब माणसाच्या हाती आला.

आता शिवारातील लांब तारेचा हिशेब करून पाहू. विहिरीवरील एक लहान पंप १० अँपिअर प्रवाह घेतो आणि जाण्यायेण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रोध ३ ओहम आहे, असे समजा. ३ गुणिले १०, म्हणजे ३० व्होल्ट दाब वाटेतच खर्ची पडला. पंपाला सुमारे २०० व्होल्टच मिळाले आणि ३० गुणिले १०, म्हणजे ३०० वॅट शक्ती तार तापविण्यात वाया गेली. मोटारीच्या आतील हिशेब याहून थोडा निराळा असतो. परंतु तारेपुरता हाच नियम लागू पडतो. तारेच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट असते, तर रोध १.५ ओहम झाला असता आणि तितक्याच प्रवाहास नुकसानही निम्मेच झाले असते. जाड तारेला पैसे अधिक का मोजावेत, याचे उत्तर हे गणित देते.

वीज लांबवर नेताना तिचा दाब फार वाढवितात, त्याचेही कारण हेच. दाब दसपट केला, की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह एक दशांश पुरतो. मग त्याच तारेत वाया जाणारा दाब एक दशांश होतो, प्रवाहही एक दशांश, आणि दोहोंचा गुणाकार, म्हणजे वाया जाणारी शक्ती, एक शतांश होते. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत् केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचली. आपल्या आंबेगाव तालुक्यातही घोड नदीवर डिंभे धरण आहे आणि त्याच्या पायथ्याशी वीज निर्माण होते. अशा प्रत्येक केंद्रातून निघणाऱ्या तारेची जाडी ठरविताना अभियंत्यांना ओहमचा नियम वापरावाच लागतो.

ओहमच्या आधी इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेन्डिश या शास्त्रज्ञाने १७८१ च्या सुमारास जवळजवळ हाच नियम शोधून काढला होता. प्रवाह मोजण्याचे साधन नसल्यामुळे तो स्वतःच्या शरीराला विजेचे धक्के घेऊन त्यांच्या जोरावरून अंदाज बांधीत असे. परंतु त्याने आपले टिपण कधी प्रसिद्ध केले नाही. ते जगापुढे आले १८७९ मध्ये, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. तोवर त्याचा कोणासही उपयोग झाला नाही. ओहमने मात्र आपले संशोधन टीकेला न भिता लोकांपुढे ठेवले. त्याची किंमत त्याला मोजावी लागली. पण ज्ञानाचा दिवा झाकून न ठेवल्यामुळेच त्याचा प्रकाश जगाला लाभला.

ओहम राजवाड्यात जन्मला नव्हता आणि त्याच्या पाठीशी कोणी धनिकही नव्हता. कारागीर बापाने दिलेली हातांची विद्या आणि गणिताची गोडी एवढीच त्याची पुंजी होती. या पुंजीला त्याने सचोटीची जोड दिली. चूक दिसताच ती सुधारली आणि सत्य गवसल्यावर, सर्व जग विरुद्ध गेले तरी, ते सोडले नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मोजलेल्या आठ तारांतून त्याने जो नियम शोधला, तो आज पृथ्वीवरील प्रत्येक तारेला लागू आहे.

स्वाध्याय

१. ओहमचे वडील त्याच्यावर का रागावले? त्याचा ओहमच्या जीवनावर कोणता परिणाम झाला?
२. वडिलांनी शिकविलेली कारागिरी ओहमला पुढे कशी उपयोगी पडली?
३. ओहमने उकळते पाणी आणि बर्फ यांचा उपयोग का केला?
४. कॅव्हेन्डिश आणि ओहम यांच्या वागण्यातील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
५. २३० व्होल्ट दाबाच्या विजेवर चालणारी एक इस्त्री ४ अँपिअर प्रवाह घेते. तिचा रोध आणि ती वापरीत असलेली शक्ती काढा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : चरितार्थ, उपेक्षा, सचोटी, चपखल.